ड्रॅगनच्या मागचा निळा उजेड

एक जुलैला अर्धं मॉन्ट्रियल घर बदलतं आणि उरलेलं अर्धं त्यांनी फुटपाथवर सोडलेलं सामान चाळत फिरतं. ओडिल त्या दिवशी दुसऱ्या अर्ध्यात होती. एका लोखंडी जिन्याखाली तिला जुन्या कादंबऱ्यांचं खोकं दिसलं. सगळ्यात वरच्या पुस्तकावर एक ड्रॅगन पंख पसरून किल्ल्यावर बसला होता. तिने हात घातला... आणि त्याच क्षणी आणखी एक हात आला. नखांत निळा रंग भरलेला.

"सोडा," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा. मी कोपऱ्यावरूनच हेरलं होतं."

"हात आधी मी लावलाय."

"हात कुठे? नुसती बोटं लागलीत. बोटं लावली म्हणजे पुस्तक धरलं असं होत नाही."

तिने मान वर केली. विस्कटलेले केस, कानामागे ब्रश, आणि डोळ्यांत भांडणाची भलतीच हौस. तिने नजर घाईघाईने पुस्तकावर वळवली.

"तसंही हे चित्र चुकलंय," ती म्हणाली. "मशाली समोर, चंद्रही समोर. मग ड्रॅगनच्या पाठीच्या कडेला हा निळा उजेड कुठून आला?"

कुणी आपल्या आजीच्या नाकाला नावं ठेवावीत तसा तो बघत राहिला. "तुम्ही... कव्हरवरचा उजेड तपासता?"

"मी फिजिक्स शिकलेय."

"अरेरे. होईल हो बरं, हळूहळू."

ती हसली, आणि तेवढ्यात पुस्तक तिच्याकडे आलं. त्याने ते मुद्दाम सोडलं होतं. "वाचून झालं की मला द्या. गोष्ट तुमची, चित्र माझं. माझं नाव—"

"धरा, धरा, पडेल!" जिन्यावरून एक गादी घसरत खाली आली. त्या दिवशी रस्त्यावर जो रिकामा उभा दिसेल तो हमाल. गादीचं एक टोक त्याच्या हाती आलं, तो उलटा चालत ट्रकमध्ये चढला आणि ट्रक निघालासुद्धा! त्याने ओरडून सांगितलेल्या नावातलं फक्त 'गा' तिच्यापर्यंत पोचलं.

पुढच्या सोमवारी ती एका छोट्या गेम स्टुडिओत रुजू झाली. गेममधल्या दृश्यांना उजेड देणं हे तिचं काम. शेजारच्या टेबलावर निळी नखं दिसली.

"गास्पार," तो म्हणाला. "मधे गादी आली, नाहीतर तेव्हाच सांगितलं असतं. वाचलंस पुस्तक?"

"अजून वाचतेय," ती म्हणाली. पुस्तक कधीच वाचून झालं होतं.

उन्हाळाभर दुपारी ती दोघं बाहेरच्या जिन्यावर बसून गरम बेगल, तीळ लावलेले कड्यासारखे गोल पाव, खायची. गास्पार रोज पुस्तक मागायचा, आणि बोलायला लागला की तिळांचा सडा पडायचा. "खेळणाऱ्या पोरांना वाटतं, हे राक्षस आम्ही काढले. कुठले! आम्ही ते जुन्या कव्हरांवरून उचलले. कव्हरवाल्यांनी त्यांच्याही आधीच्या चित्रांवरून. सगळा उसना कारभार."

"मग तुझं काय त्यात?"

"माझं?" त्याने तिच्या बाहीवरचा तीळ अलगद उचलला. "मी नीट निवडून उचलतो."

ओडिलने आपला उरलेला बेगल मोडून अर्धा त्याच्यापुढे धरला.

उन्हाळ्याच्या शेवटी एका शुक्रवारी पैसे घालणारी मंडळी डेमो बघायला येणार होती. ओडिलने उजेडाची नवी पद्धत बसवली होती. दिवा असेल तिथेच प्रकाश, उगम नसलेला एकही किरण नको. किल्ल्याचे दगड इतके खरे दिसत होते की हात लावला तर ओल लागेल. गास्पारने त्या पुस्तकाच्या कव्हरवरूनच उचललेल्या ड्रॅगनची निळी कडही तिने त्याच झपाट्यात काढली. त्याला विचारलं नाही. चूक दुरुस्त करायला कोण विचारतं?

गुरुवारी सकाळी स्टुडिओच्या मालकीणबाई, मिरेय, तालीम बघायला बसल्या.

"छान! आणि ड्रॅगन कुठाय?"

"तो काय... डावीकडे," ओडिल पुटपुटली.

"बाळा, तिथे कोळशाचा ढीग आहे."

खरंच होतं. काळ्या आभाळापुढे काळा ड्रॅगन, कडच नाही.

"उद्या सकाळपर्यंत दिसला तर ठीक, नाहीतर सीन काढायचा," मिरेय म्हणाल्या. गास्पारला फक्त या ड्रॅगनसाठी घेतलं होतं. सीन गेला की तोही जाणार.

तो चिडला नाही. "गणित बरोबरच असेल तुझं," एवढंच म्हणाला. चिडला असता तर बरं झालं असतं.

दिवसभर तिने निळा दिवा परत लावून पाहिला. पण नव्या पद्धतीत किल्लाही निळा व्हायचा आणि ड्रॅगन प्लॅस्टिकचा वाटायचा. संध्याकाळी ती उठली, ते ड्रॅगनचं पुस्तक बॅगेत टाकलं आणि जवळच्या लायब्ररीत जाऊन बसली. ती इमारत पूर्वी चर्च होती. पुस्तक समोर ठेवून ती नुसती बघत राहिली. मग सहज मान वर केली...

रंगीत काचेच्या खिडकीत एका संताच्या पायाखाली ड्रॅगन होता. मागून मावळतीचं ऊन येत होतं आणि ड्रॅगनच्या पाठीची निळी कड झगझगत होती.

तिने फोन लावला. "लायब्ररीत ये. आत्ता! ऊन जायच्या आत!"

तो धापा टाकत आला.

"मी दिवा किल्ल्यात शोधत होते," ती म्हणाली. "पण तो ड्रॅगनच्या मागे आहे, काचेच्या पलीकडे! कव्हरवाल्याने अशीच एखादी खिडकी पाहिली असणार, पैज लाव. आणि तू ते कव्हरवरून..."

"...उचललं," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "आणि खिडकीचं मला माहीतच नाही!"

"मागून येणारा उजेड फक्त त्याच्या अंगाला लावायचा, दगडांना नाही. पंख पातळ आहेत, त्यांतून थोडा झिरपू द्यायचा." मग ती थांबली. "गास्पार, मी तुला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," तो म्हणाला. मग हसला. "चल, सूर्य लावू."

शुक्रवारी पडद्यावरच्या अंधारातून आधी एक निळी रेघ उमटली, मग पाठ, मग पंख. पाहुण्यांपैकी एकाने खुर्चीच मागे सरकवली. मिरेय यांनी कॉफी खाली ठेवली. "आला मेला एकदाचा," त्या म्हणाल्या, "राहू दे त्याला. आणि त्याच्या चित्रकारालाही." केव्हाचा कोंडलेला श्वास ओडिलने सोडला. शेजारून तसाच आवाज आला, आणि दोघांनाही हसू फुटलं.

दुपारी जिन्यावर तिने पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. "घे. जुलैतच वाचून झालं होतं."

"मग इतके दिवस...?"

"दिलं असतं तर तू मागायला आला नसतास ना..."

तिने घाबरत त्याच्या बाहीला बोटं लावली.

"मी सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला, "नुसती बोटं चालत नाहीत."

मग ओडिलने त्याचा हात धरला. चांगला घट्ट, निळ्या नखांसकट. पुस्तक मांडीवरून घसरून दोन पायऱ्या खाली गेलं, पण उचलायला हात रिकामा कुणाचा होता?