बोपदेवपर्यंतची रेंज

अभिनवच्या कॅम्पर व्हॅनमध्ये पलंग होता, शेगडी होती, छोटा फ्रिज होता. नव्हती ती फक्त बायको. मागच्या मे महिन्यात ताम्हिणी घाटात व्हॅन बंद पडली, तेव्हा हा शहाणा मदत आणायला गेला आणि अपेक्षा सात तास आत एकटी बसून राहिली. मोबाईलला नेटवर्क नाही. परत आल्यावर सॉरी म्हणायचं सोडून त्याने इंजिनावर व्याख्यान दिलं. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं, तेही टोमण्यांत.

"मोबाईलशिवाय बोपदेव घाटातून तुझा आवाज घरी पोचला, तरच त्या डब्यात पाय ठेवीन," तिने बजावलं होतं. "नाहीतर मी चालले नाशिकला. कायमची."

त्याने मोबाईल नेटवर्कशिवाय चालणाऱ्या सीबी रेडिओचे दोन सेट आणले, एक व्हॅनमध्ये, एक घरी. पहिल्या दिवशी आवाज घराच्या शनिवार पेठेबाहेर पडेना. मग त्याने अँटेना मागच्या शिडीवरून काढून छताच्या मधोमध आणली. छत फायबरचं, म्हणून खाली पत्रा घातला, अर्थिंगची तांब्याची पट्टी थेट व्हॅनच्या सांगाड्याला जोडली, केबल बदलली. हिंजवडीच्या ऑफिसात एवढं मन लावून त्याने कधी काम केलं नसेल.

रविवारी सकाळी अपेक्षा दुसरा सेट घेऊन तीन मजल्यांवरच्या गच्चीत बसली. ठरलं असं, की तो विचारणार आणि ती सिग्नल किती ते एक ते नऊमध्ये सांगणार. फोन करायचा नाही.

मार्केट यार्डापाशी त्याने विचारलं, "किती?"

"नऊ."

टोमणा नाही, काही नाही. तो खूश झाला.

कोंढव्याला सिग्नल घटायला हवा होता. त्याच्या सेटचा काटाही नऊवरच होता.

"नऊ. काच वर कर, धूळ येतेय."

त्याने काच वर केली. गच्चीवरून हिला धूळ कशी दिसली, हा प्रश्न त्याला पुढच्या चौकात पडला.

बोपदेवच्या माथ्यावर त्याने व्हॅन थांबवली. विचारण्याआधीच आवाज आला, "नऊ. इथे नको थांबूस."

तेवढ्यात फोन वाजला. अपेक्षाचा.

"दोन तास उन्हात बसवलंयस मला! एक शब्द नाही, नुसती खरखर. संपलं अभिनव, मी बॅग भरते."

अभिनवने रेडिओकडे बघितलं.

"कोणाचा फोन आहे?" रेडिओतून अपेक्षाने विचारलं.

त्याने अँटेनाची केबल हिसडून काढली. काटा नऊवरच. मग त्याने सेटची वायर उपटली. दिवा गेला, काटा खाली पडला.

"एक मिनिट," फोनवर अपेक्षा म्हणाली. "आता येतोय तुझा आवाज. एकदम क्लिअर."

फोनमधून, तिच्या मागे, तिच्या सेटवर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. शांत, समजूतदार. असं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

"तो मी नाही! मी बोपदेवला आहे, अपेक्षा!"

"बोपदेवला? व्हॅन तर खाली दारात दिसतेय. फोनवर खेकसायचं आणि रेडिओवर गोड बोलायचं, ही काय नवी तऱ्हा?" मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "ताम्हिणीचं सॉरी म्हणालास आत्ता. एवढं म्हणायला इतके महिने लागले?"

"दार उघडू नकोस. ऐक माझं."

"कोण उतरतंय तीन जिने? किल्ली टाकते."

बिल्डिंगचं खालचं दार नेहमी कुलूपबंद असायचं. किल्ली न्यायला अभिनव हमखास विसरायचा आणि अपेक्षा वरून जुडगा टाकायची. त्याला तो एकदाही झेलता आला नव्हता. दर वेळी तो खणकन फरशीवर पडायचा आणि ती वरून हसायची.

"अपेक्षा, नको!"

"झेल रे," ती म्हणाली. त्याला नव्हे.

त्याने फोन कानाशी घट्ट धरला आणि श्वास रोखून ऐकत राहिला.

फरशीवर काहीच पडलं नाही.