करवंदपाड्याचा गुरुवार

मोगराबाईचं प्रेत करवंदपाड्याच्या विहिरीतून वर काढलं तेव्हा तिच्या मुठीत वाटी होती. तळाचं पाणी वाटीनं भरताना तिचा पाय घसरला होता. तो मंगळवार होता, बारा मे ब्याण्णव.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी अधिकारी सोनवणे जळगावच्या टँकर कक्षात येऊन बसले. इथला संगणक दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मोठ्या हौशीनं बसवून घेतला होता. आज त्यांना हौस नव्हती आणि रागही नव्हता, आतून सगळं बधिर झालं होतं. संध्याकाळपर्यंत अहवाल लिहायचा आणि ड्रायव्हर जीवरामला पोलिसांच्या हवाली करायचं, एवढंच काम होतं.

संगणकात नोंद होती: करवंदपाडा, गुरुवार सात मे, टँकर पोचला. पाड्यावरचे लोक म्हणत होते, थेंबही आला नाही. संगणक खोटं बोलत नाही, असं कक्षात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मानायचे. मग खोटं बोलणारा जीवरामच उरला.

"पाणी कुठं विकलंस?"

"साहेब, मी पानी इकं नही. चोपडाना पुढे गाडीना स्प्रिंगना पाटा तुटना. टाकी रिकामी करी, तवय गाडी गॅरेजले उनी."

"मग कळवलं का नाहीस?"

"चिठ्ठी दिधी ना. शुक्रवारना दुपारले, बाईसले."

बाई म्हणजे प्रमिलाबाई, संगणकावर नोंदी करणाऱ्या. त्या खाली मान घालून बसल्या होत्या.

बाहेर बाकावर मोगराबाईचा मुलगा गेंदा होता. सोनवण्यांनी त्याला आत बोलावलं.

"गुरुवारी टँकर आला नाही, हे कशावरून?"

"बुधवारीच आम्ही रस्त्याकडेला हंडे नंबरानं मांडतो. पाणी मिळालं की हंडा घरी जातो."

"मग?"

"हंडे अजून तिथंच आहेत."

सोनवण्यांनी त्या आठवड्याचा छापील कागद मागवला. कागदाच्या माथ्यावर यंत्र आपणहून तारीख टाकतं. ती त्यांनी दोनदा वाचली.

"प्रमिलाबाई, गुरुवारी इथं वीज असते?"

"दिवसभर नसते साहेब."

"आणि माहितीची फ्लॉपी?"

"शुक्रवारी सकाळी आठच्या एसटीनं नाशिकला जाते."

"मग गुरुवारच्या फेऱ्या कधी टाइप करता?"

प्रमिलाबाईंनी कोपऱ्यातल्या तारेकडे बोट केलं. सोनवण्यांनी उठून कागद खोचायच्या तारेवरून एक चिठ्ठी काढली. टँकर पोचला नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं. खाली गॅरेजच्या झुलाल मिस्त्रीची सही आणि सात तारीख होती.

"पाणी कुणी चोरलेलं नाही," ते सपाट आवाजात म्हणाले. "या कागदावर सहा मे छापलंय. टँकर निघायच्या आदल्या दिवशीच तो संगणकात पोचला होता. एरवी खरंच पोचायचा, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. या वेळी पाटा तुटला. चिठ्ठी आली तेव्हा फ्लॉपी गेलेली होती. गाड्या नाशिकहून येणाऱ्या यादीप्रमाणे सुटतात. यादीत पाड्याला पाणी मिळालेलं, म्हणून पुढची पाळी थेट चौदा तारखेला लागली."

"चिठ्ठी आल्यावर दुरुस्त का नाही केलं?" गेंदानं विचारलं.

प्रमिलाबाईंनी खणातून एक परिपत्रक काढून टेबलावर ठेवलं. पाठवलेल्या आठवड्याच्या नोंदींत फेरफार करणाऱ्यास निलंबित केलं जाईल. खाली सही होती, सोनवण्यांची. मागाहून आकडे फिरवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून त्यांनीच ते काढलं होतं. शेकडो सह्यांमध्ये ही सही ते विसरून गेले होते.

"जीवराम, तू सुटलास," ते म्हणाले. अहवालात 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. तेव्हाही आत काहीच हललं नाही, याचीच त्यांना भीती वाटली.

गेंदा अजून उभा होता.

"साहेब, उद्या गुरुवार. टँकर येईल ना?"

सोनवण्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. बाईंनी प्रिंटरमधून निघालेला ताजा कागद पुढे केला. सवयीनं त्यांनी तो सकाळीच काढून ठेवला होता.

करवंदपाडा, गुरुवार चौदा मे, टँकर पोचला.