सतरा नंबरची फळी

चप्पल काढ परेश, बस जरा. तुझ्या साहेबांचा फोन मीही ऐकला. त्यांनी विचारलं, "चर रिकामा आहे ना? सकाळी सातला मशीन बुजवायला येतंय." आणि तू माझ्या ओटीवर बसून म्हणालास, "हो सर, चेक केला." कधी केलास रे? ज्ञानदा, विचार तुझ्या भावाला. दुपारपासून हा माझ्याशी पत्ते कुटतोय, आणि हरतोयही.

"मामा, टेन्शन कशाला घेतोस? काही नसतं त्यात." असंच हिरामण म्हणाला होता.

हिरामण म्हणजे तुझ्याआधी याच केबलच्या कामावर असलेला राखणदार. मिठागरांकडच्या गावचा, पन्नाशीचा माणूस, अंगाने दणकट. ही गोष्ट ऐकीव नाही. त्या रात्री तो माझ्याच दारात आला होता.

आपल्या वटारच्या वाड्यांमागचा ओहोळ तुम्हाला माहीत आहे. केबल त्याच्या खालून न्यायची म्हणून तिथे चर दीड पुरुष खोल खणलेला. कामाचे नियम चांगले होते, मी स्वतः वाचलेत. ओहोळ वाळूच्या गोणींनी अडवायचा, पण पाणी पंपाने पलीकडे सोडत राहायचं, म्हणजे खालचे मासे मरत नाहीत. संध्याकाळी चरात तिरक्या फळ्या टेकवायच्या. रात्री घोरपड पडो, कोल्हा पडो, चढून जाईल. आणि बुजवण्याआधी राखणदाराने चरात उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. फळ्या चोरीला जाऊ नयेत म्हणून हिरामणने त्यांवर चुन्याने नंबर घातले होते. ओहोळाजवळची सतरा नंबरची.

डिसेंबरात थंडी पडली. बुधवारी रात्री त्याने सतरा नंबर उचलली, फोडली आणि शेकोटीत घातली. मी तिथेच होतो. खोटं कशाला बोलू, शेवटचा तुकडा मीच आत सरकवला. छान ऊब आली.

गुरुवारी सकाळी साहेबांचा फोन आला. हिरामण घोंगडीतूनच म्हणाला, "रिकामा आहे." मशीन आलं, ओहोळापर्यंतचा चर बुजवला, ओहोळाखालचा तेवढा उघडा राहिला. माती पडत असताना त्याला आतून कुईं कुईं ऐकू आलं. कोल्ह्याचं पिल्लू. त्याने हात वर केला असता तर मशीन थांबलं असतं. पण मग फळी कुठे गेली तेही सांगावं लागलं असतं. नोकरी गेली असती. त्याने हात वर केला नाही.

त्या संध्याकाळपासून एक कोल्ही त्या मातीवर येऊन बसायला लागली. ओरडायची नाही. नुसती बसायची.

आता शुक्रवार. एकोणीस डिसेंबर, मार्गशीर्षातली अवस. ज्ञानदा, डोळे मोठे करू नकोस. अवस म्हणजे भुतंच असं नाही, अवस म्हणजे उधाण. रात्री बाराच्या सुमाराला भरती, आणि ती आपल्या ओहोळात चढते.

सव्वाअकराला हिरामण पंपात डिझेल टाकायला निघाला. एका हातात कॅन, एका हातात बॅटरी. रोजचंच काम. काठावर पाय ठेवला आणि काठ ढासळला.

खाली पडला. बॅटरी विझली. घोटा मुरगळला. मोबाईल खोपटात चार्जिंगला. वर पंप दोनदा खोकला आणि बंद पडला.

मग गोणींवरून पाणी उतरायला लागलं. आधी पावलं. मग गुडघे.

सवयीने त्याने अंधारात हात फिरवला. इथेच असते फळी... इथेच. हाताला नुसता चिखल लागला.

हाका मारल्या. आम्ही सगळे झोपलेलो.

तेवढ्यात बुजवलेल्या बाजूने आवाज आला. खर्र... खर्र... मातीच्या आतून. कुणीतरी उकरत होतं. हा श्वास धरायचा, आवाज थांबायचा. हा श्वास सोडायचा...

वर पाहिलं. काठावर दोन डोळे. हलत नव्हते.

पाणी छातीला आलं. तो रडायला लागला. म्हणाला, "चुकलो गं बाय. मी ऐकला होता त्याचा आवाज." त्या कोल्हीला म्हणाला.

खरखर थांबली.

काहीच नाही...

मग ठक्कन आवाज झाला. लाकडाचा. हात पुढे केला तर फळी. तिरकी टेकलेली. त्याने धरली. आणि त्याच्या हातावरून काहीतरी गेलं. लहान. ओलं. बर्फासारखं गार. त्याच्या आधी वर चढलं.

तोही चढला. वर कुणी नव्हतं. डोळेही नव्हते.

बाराचाळीसला माझं दार वाजलं. गळ्यापर्यंत चिखल, दात वाजतायत. "दिनूभाऊ, पानी द्या." तांब्या दिला, पण त्याला धरता येईना. मी आधी त्याचं तोंड हुंगलं, म्हटलं घेतली असेल. तसलं काही नव्हतं. मग त्याचे तळवे दिसले. पांढरे.

"हा चुना कुठला रे?"

"फलीचा. सतरा नंबरच्या."

"अरे, ती आपण जाळली."

मी कंदील घेऊन गेलो. चर काठोकाठ भरलेला. फळी कुठेच नव्हती.

हिरामण आता फुलपाड्याला मुलीकडे असतो. जमिनीवर झोपत नाही. का, ते सांगत नाही.

उठलास, परेश? थांब, मीही येतो, एकट्याने चरात उतरू नकोस. आणि फळ्या टेकवल्यास का, ते खरं सांग. ज्ञानदा, ती मोठी बॅटरी दे.

हो, पुढचं राहिलंच. शनिवारी उजाडताच आम्ही दोघांनी बुजवलेली माती फावड्याने उकरली. उकरल्याची खूणही नसलेली, मशीनने दाबलेली घट्ट माती. चार फुटांवर पिल्लू सापडलं. दोन दिवसांचं मेलेलं, ताठ. मी त्याला उचललं, आणि त्याचे पाय माझ्या शर्टाला लागले.

चार पांढरे ठसे उठले. पिल्लाच्या तळव्यांना चुना होता. ओला.