आजोबांच्या आकाराची ऊब

आजोबांचं कुडकुडणं एकदम थांबलं आणि गौराईचा जीव भांड्यात पडला.

गेला पाऊण तास ते इतके थडथडत होते की तंबूचा दांडाही त्यांच्याबरोबर हलत होता. आता ते डोळे मिटून शांत पडले होते. "आली बाई एकदाची ऊब," गौराई स्वतःशीच म्हणाली.

"नाही आली," टिटवी म्हणाली. "गौराई, हे लक्षण वाईट आहे. कुडकुडत होते तेच बरं होतं."

टिटवी म्हणजे त्यांच्या मोटरसायकलची सोबतीण. नारळाएवढा यंत्रमेंदू, एक डोळा, एक छोटा पडदा, एक आवाज. गाडी चालू असताना ती हँडलच्या मधोमध बसायची आणि मुक्कामाला तंबूत यायची. हातपाय नसल्यामुळे तिला काही करता येत नसे. ती फक्त बघायची आणि बोलायची, आणि बोलताना कुणाचीही भीड ठेवायची नाही.

"थंडी वाजायची थांबली तर वाईट कसं?" गौराईने विचारलं. तिला खरोखरच कळेना.

साल होतं २०६३. बारा वर्षांची गौराई बिराजदार आणि तिचे आजोबा विश्वनाथ बिराजदार लेहहून निघून सहा दिवस झाले होते. विजेवर चालणारी मोटरसायकल, तिला जोडलेली साइडकार, साइडकारमध्ये गौराई आणि सामान. आजोबा सोलापूरचे नावाजलेले वस्त्रशास्त्रज्ञ. केसाइतक्या बारीक तारा विणून त्यांनी आपोआप तापणारं जाकीट तयार केलं होतं. सरहद्दीवर भर हिवाळ्यात बर्फ उपसून रस्ते मोकळे ठेवणाऱ्या मजुरांसाठी ते जाकीट होतं, आणि आधी स्वतः घालून पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगावर चढवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. बेचाळीस अंशांत घाम पुसणाऱ्या माणसाला गारठ्यातलं काय कळणार, असं लोक हसून म्हणत. त्यावर आजोबांचं एकच उत्तर असे, "बघू की!"

आज सकाळी बघायची वेळ आली. चाक भुसभुशीत बर्फात रुतलं. आजोबांनी जाकीट पूर्ण तापवून तासभर गाडी ढकलली आणि घामाने निथळले. गाडी निघाली, पण बारा वाजता वादळाने गाठलं. समोरचं काही दिसेना तेव्हा त्यांनी एका खडकाच्या आडोशाला तंबू ठोकला. दमलेली गौराई पडल्या पडल्या झोपली. जाग आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तंबूत दिवेलागणीसारखा उजेड होता, बाहेर उणे अठरा अंश होते आणि आजोबा कुडकुडत होते. बॅटरी वाचवायला त्यांनी टिटवीला बंद केलं होतं; गौराईने तिला चालू केलं.

"कुडकुडणं म्हणजे शरीराने स्वतःला गरम ठेवायला लावलेलं इंजिन," टिटवी सांगू लागली. "स्नायू थरथरतात, त्यातून उष्णता निघते. हे इंजिन दोन कारणांनी थांबतं. एक तर गरज संपली म्हणून, नाही तर इंधन संपलं म्हणून. आजोबांना त्यांचं नाव विचार."

"आजोबा! तुमचं नाव काय?"

आजोबांनी डोळे अर्धवट उघडले. जीभ जड झाली होती. "फॅन लाव की गं," ते पुटपुटले. "लई उकडतंय." आणि त्यांचा हात जाकिटाची चेन खाली ओढू लागला.

उणे अठरा अंशांत उकडतंय! गौराईने तो हात घट्ट धरला. हात बर्फासारखा होता.

"याला शीताघात म्हणतात (शरीराच्या आतली उष्णता धोक्याच्या पातळीखाली जाणं)," टिटवी म्हणाली. "मेंदू गारठला की तो असं खोटं सांगतो."

अशा वेळी काय करायचं ते आपल्याकडे कुणालाही विचारा. घरात कुणाचे हातपाय गार पडले की सुंठ चोळायची. गौराईच्या आईने पुडी बांधून दिलीच होती. तिने आजोबांचे मोजे ओढून काढले आणि सुंठेची चिमूट घेऊन तळवे खसाखसा घासायला सुरुवात केली.

"थांब!" टिटवी इतक्या जोरात ओरडली की पुडी सांडली. "पाय सोड. अजिबात चोळू नकोस."

"आई असंच करते!"

"तापात पाय गार पडतात तेव्हा ठीक आहे. इथे नाही. शरीराने हातापायांकडचं रक्त मुद्दाम कमी केलंय, असेल नसेल ती ऊब हृदयापाशी राखायला. तू पाय चोळलेस तर तिथलं गार रक्त एकदम हृदयाकडे जाईल. हृदय बंद पडू शकतं. शिवाय गारठलेली कातडी घासली की आतून फाटते. मोजे परत चढव. हळू. त्यांना जास्त हलवायचंही नाही."

गौराईने हळूच मोजे चढवले. मग तिला जाकीट आठवलं. बटण कॉलरपाशी होतं. बॅटरी वाचवायला आजोबांनीच ते बंद केलेलं होतं. तिने बोट टेकवलं.

"दाबण्याआधी ऐक," टिटवी म्हणाली. "थंडीने गाडीची बॅटरी जवळजवळ मेली आहे, आणि मी आणि जाकीट दोघंही तारेने तिच्यावरच चालतो. सहा टक्के उरलेत. मदतीचा संदेश मी पाठवलाय आणि बचावपथकाची गाडी निघाली आहे. पण या वादळात आपण कुठे आहोत ते मी सतत सांगत राहिले तरच ती आपल्याला शोधू शकेल. पाच तास लागतील. त्यात पाच टक्के जातील. जाकीट लावलंस तर सहाही टक्के अर्ध्या तासात संपतील."

"पण अर्धा तास तरी ते गरम राहतील ना!"

"फुटक्या माठात घागरभर पाणी ओतल्यासारखं होईल. आधी भोक बुजव."

"कुठलं भोक?" गौराई किंचाळली. तिला रडू फुटलं. "अंगावर दोन-दोन सोलापुरी चादरी आहेत! स्लीपिंग बॅग आहे! आणखी काय करू? तू नुसती बोलतेस!"

"हो, मी नुसती बोलते. हात तुझे आहेत, बटणही तुझ्याच बोटाखाली आहे. पण त्यांना बॅगेसकट जरा कुशीवर वळव आणि माझ्या डोळ्याने बघ."

टिटवीच्या डोळ्याला अवरक्त किरण दिसत (गरम वस्तूंतून निघणारे, माणसाच्या डोळ्यांना न दिसणारे किरण). थंड ते निळं, ऊबदार ते लाल, मधलं ते पिवळं. गौराईने डोळे पुसले, आजोबांना अलगद कुशीवर घेतलं आणि टिटवीच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं.

जमिनीवर आजोबा पडलेले होते. म्हणजे त्यांचा आकार. खांदे, पाठ, कंबर, टाचा, सगळा लालसर ठसा निळ्या जमिनीवर उमटला होता. आणि तिने कुशीवर धरलेले खरे आजोबा मात्र पिवळट, फिके दिसत होते.

"ही त्यांची ऊब," टिटवी म्हणाली. "वर चादरी आहेत, खाली काहीच नाही. दोन तास ती जमिनीत जाते आहे."

गौराईचं बोट बटणावरून आपोआप खाली आलं.

"चटई कुठे गेली त्यांची?"

"तुझ्याखाली बघ."

तिच्याखाली दोन चटया होत्या. एक तिची, एक आजोबांची. ती झोपेत असताना त्यांनी दुसरी हळूच सरकवली असणार. उष्णतेवर जन्मभर संशोधन केलेला माणूस दोन चादरी अंगावर ओढून नुसत्या जमिनीवर आडवा झाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गौराईला भयंकर राग आला, पण रागवायला वेळ नव्हता.

"भराभर सांग," ती म्हणाली. "काय काय करू?"

"कपडे ऊब तयार करत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं कर. ऊब फक्त शरीर तयार करतं. कपडे ती पळू देत नाहीत, आणि तेही कापडामुळे नाही तर कापडात अडकलेल्या हवेमुळे. स्थिर हवा ही उत्तम उष्णतारोधक (उष्णता अडवून धरणारी) असते. ते ज्या बाजूवर झोपलेत तिथे बॅगेतला भराव त्यांच्या वजनाने चेपलाय. चेपल्यावर त्यात हवा राहिली नाही. म्हणून उष्णता थेट जमिनीत गेली. याला वहन म्हणतात (एकमेकांना टेकलेल्या वस्तूंतून उष्णता सरकत जाणं). त्यांच्याखाली हवा भर. हवा असेल असं काहीही."

गौराईने दोन्ही चटया आजोबांच्या बाजूला अंथरल्या. मग ती वादळात बाहेर गेली. वाऱ्याने तिला पहिल्याच पावलाला खाली बसवलं. रांगत जाऊन तिने मोटरसायकलची गादी काढली, साइडकारची गादी काढली आणि दोन्ही ओढत आत आणल्या. जादा चाकाची हवा भरलेली ट्यूबही आणली.

"ट्यूब नको," टिटवी म्हणाली. "तिच्यातली हवा मोकळी आहे. ती आतल्या आत फिरते आणि ऊब घेऊन जाते. याला अभिसरण म्हणतात (हवेच्या किंवा पाण्याच्या हालचालीबरोबर उष्णता जाणं). गाडी पळताना वारा तुम्हाला गारठवतो तोही असाच. गादीच्या फोममध्ये हवेच्या बारीक बारीक कोठड्या असतात. तिथे तिला हलता येत नाही."

गाद्या खाली, त्यावर चटया. गौराईने इंच-इंच सरकवत आजोबांना त्यावर घेतलं. जाकिटाची चेन उघडली तेव्हा तिच्या हाताला ओलं लागलं. आत सुती बनियन होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही! निघताना गौराईने किती वेळा सांगितलं होतं, लोकरीची बंडी घाला. पण पन्नास वर्षं रोज अंगात असलेलं बनियन सोडायला आजोबा तयार नव्हते. सकाळचा सगळा घाम त्या बनियनने पिऊन ठेवला होता.

"हे दुसरं भोक," टिटवी म्हणाली. "पाणी हवेपेक्षा वीसपटींहून जास्त वेगाने उष्णता ओढून नेतं. सुती कापड ओलं झालं की त्यातली हवा जाते आणि पाणी बसतं. काप ते."

गौराईने कात्रीने बनियन कापून फेकून दिलं, अंग कोरडं केलं आणि स्वतःचा जादा लोकरी स्वेटर त्यांच्या छातीभोवती गुंडाळला. डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर. तंबूच्या तोंडाशी, धूर आत कोंडणार नाही अशा बेताने स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवलं. गरम पाण्याच्या दोन बाटल्या मोज्यांत घालून आजोबांच्या काखांत ठेवल्या. पायाशी एकही ठेवली नाही.

"आता शेवटचं," टिटवी म्हणाली. "इथे एकच चालू शेगडी उरली आहे. तू. त्यांच्या बॅगेत शीर. पण आधी खा. शेगडीत कोळसा हवा."

गौराईने कडक भाकरी मोडली आणि शेंगाचटणीबरोबर गिळली. मग ती आजोबांना चिकटून झोपली.

इतकं गार शरीर तिने कधी जवळ घेतलं नव्हतं. तिचीच ऊब जाते आहे हे तिला कळत होतं. दात वाजायला लागले. आजोबांचा श्वास इतका सावकाश चालला होता की दोन श्वासांच्या मध्ये ती दर वेळी घाबरत होती.

"ते मरतील का?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," टिटवी म्हणाली. "भोकं बुजवली आहेत. आता माठ भरायला वेळ लागतो."

एक तास गेला. गौराईने पाणी पुन्हा गरम केलं. स्टोव्हचं इंधन संपलं. आणखी बराच वेळ गेला. बॅटरी तीन टक्क्यांवर आली. आणि मग तिच्या गालाखाली काहीतरी हललं. आजोबांच्या छातीला बारीकशी थरथर सुटली होती. बघता बघता ते पुन्हा जोरजोरात कुडकुडू लागले.

"टिटवी! सुरू झालं!" गौराई हसत होती आणि रडत होती.

"इंजिन लागलं," टिटवी म्हणाली. तिचा आवाजही जरा मऊ झाल्यासारखा वाटला.

साडेसात वाजता बचावपथकाच्या दिव्यांचा झोत तंबूवर पडला. पथकाची प्रमुख स्टांझिन नावाची लडाखी बाई होती. तिने आत डोकावून आधी आजोबांच्या खाली हात घालून पाहिला, मग गौराईकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली.

"त्या म्हणतात," टिटवीने भाषांतर केलं, "अशा वेळी सगळे वरून पांघरूण घालतात. खाली घातलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं."

आजोबा वाचले, पण धडधाकट नाही. लेहच्या दवाखान्यात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. चार दिवस गौराई त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आजोबा उशाला टेकून कागदावर काहीतरी आखत होते.

"हे बघ की गौरे. मजुरांना जाकीट नंतर. आधी फोमची स्वस्त चटई द्यायची. तीन बोटं जाड. कारखान्यातल्या चिंध्या-तुकड्यांची सुद्धा होईल. ते लोक पत्र्याच्या खोपट्यात नुसत्या ताडपत्रीवर झोपतात, माहिताय? त्यांना कुणी सांगितलंच नाही."

"तुमची चटई माझ्याखाली का होती?"

आजोबांची पेन्सिल थांबली. "तू झोपेत आखडली होतीस. म्हटलं, पोरीला गार लागतंय."

"मला जाग आली असती आणि तुम्ही मेलेले असता तर? त्या तंबूत मी एकटी!" तिचा आवाज फुटला. "मी काय केलं असतं? मला उठवायचं होतं. दोघं मिळून झोपलो असतो."

"चुकलं गं माझं," आजोबा हळूच म्हणाले. "फार चुकलं." मग पांघरुणाखालच्या पायाकडे बघत म्हणाले, "आता काय, संपलंच आपलं हिंडणं. गाडी विकून टाकू."

गौराईने नाक पुसलं, त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यात लिहायला लागली.

"काय लिहितेस?"

"पुढच्या वेळची यादी. चटया तीन. लोकरीच्या बंड्या चार. सुती बनियन एकही नाही."

आजोबांनी यादीवर बोट ठेवलं. मग भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "चार लिही की. चटया. दोघांना दोन-दोन."