दाराच्या कडीला ओलं फडकं

"सगळ्या वस्तीची हवा मी एकटी साफ करून दाखवते. आठ दिवस पुरे," असं मी सोमवारी जेवताना आजोबांना सांगितलं. मंगळवारी सकाळी साडेदहाला मी नाबरकाकांच्या घरात भिंत आणि काच यांच्यामधल्या फटीत खांद्यापर्यंत अडकले होते, आणि नाबरकाका माझ्या दंडाला साबण लावत होते.

"सुरंगी, तू आमच्याकडे आलीस कशाला?" त्यांनी विचारलं.

"तुमची काच पुसायला."

"मग आत का शिरलीस?"

साबण संपत आला तेव्हा हात सुटला.

आमची वस्ती समुद्राच्या तळाशी आहे. मालवणहून तासभर बोटीने जायचं आणि मग पाळण्यातून तीस मीटर खाली. मोठ्या घुमटाखाली चाळीस घरं. प्रत्येक घरात एक रुंद काचेची टाकी आणि त्यात हिरवं शेवाळ. आपण श्वास सोडतो तेव्हा कर्बवायू बाहेर पडतो. शेवाळ तो घेतं आणि दिव्याच्या उजेडात प्रकाशसंश्लेषण करतं (म्हणजे उजेड वापरून स्वतःचं अन्न बनवतं). ते करताना प्राणवायू सोडतं. तोच आपण घेतो. म्हणजे आम्ही आणि शेवाळ एकमेकांचं उष्टं खातो, असं आजोबा म्हणतात.

फक्त एक करायचं असतं. काचेवर बुळबुळीत थर बसतो, तो रोज पुसायचा. नाहीतर उजेड आत जात नाही आणि शेवाळ उपाशी झोपतं.

कोणीच पुसत नव्हतं. घुमटाच्या मधोमध टांगलेला हवेचा आकडा एकोणीसशेवर गेला होता (दहा लाख भाग हवेत कर्बवायूचे तेवढे भाग). सगळ्यांची डोकी दुखत होती. पंधरा दिवसांनी वरून डॉक्टरीणबाई तपासायला येणार होत्या. आकडा दोन हजार झाला तर साठीच्या वरच्या माणसांना खाली राहता येत नाही. आजोबा एकाहत्तर वर्षांचे. ते दवाखान्यात जाणार आणि मी रत्नागिरीच्या वसतिगृहात, कारण आई जहाजावर असते.

तसं खाली माझं कोण आहे म्हणा. वर्गात एक अन्वी होती, पण तिचं डोकं फारच दुखायला लागलं आणि ते लोक वर गेले. तेव्हापासून वर्गात मी एकटी. पहिला नंबर माझा, शेवटचाही माझा. लपाछपी मी झाडूरावशी खेळते. तो वस्तीचा सफाईचा यंत्रमानव. मागच्या आठवड्यात मी पाऊण तास टेबलाखाली लपून बसले. बाहेर येऊन बघते तर तो चार्जिंगला जाऊन उभा.

हात सुटल्यावर मी घरी येऊन हिशेब मांडला. एक काच पुसायला वीस मिनिटं. चाळीस काचांना तेरा तास वीस मिनिटं. आणि शेवटची पुसून होईपर्यंत पहिलीवर पुन्हा बुळबुळ. मग मी नुसती आमची काच घासूनपुसून लख्ख केली आणि आकडा बघायला धावले.

एकोणीसशे.

"हललाच नाही," मी म्हणाले.

"हलला," आजोबा म्हणाले. ते प्रकाशणाऱ्या जिवाणूंवर काम करतात (जिवाणू म्हणजे डोळ्यांना दिसत नाहीत एवढे छोटे जीव). "एका काचेने वीस कमी होतात. पण हा आकडा शंभराच्या पटीत दाखवतो. पाच काचा झाल्याशिवाय त्याला पत्ताच लागत नाही."

"मग लोक म्हणतात ते खरंच आहे. आपल्या एकट्याच्या काचेने काय होतंय."

"खरं काय ते सभेत बघ."

बुधवारी सभा होती. नाबरकाका अध्यक्ष. सभेला गणपूर्ती लागते (म्हणजे ठराव करायला कमीत कमी जेवढी माणसं हवीत तेवढी). चाळीस घरांमागे पंधरा. आले तीन, त्यातले एक पेडणेकरकाकूंना शोधत आले होते. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच ठिकाणी, त्याच तीन माणसांत पुन्हा भरली. या दुसऱ्या सभेला गणपूर्ती लागत नाही. ठराव एकमताने झाला: हवेकडे कोणीतरी लक्ष द्यावं.

"कोणीतरी म्हणजे कोण?" मी विचारलं.

"ते ठरावात नाही," नाबरकाका म्हणाले.

घरी आल्यावर आजोबांनी मला भांड्यांच्या कपाटात डोकं घालायला सांगितलं. दुसऱ्या बाजूने त्यांनी स्वतःचं घातलं. आत काळोख, आणि दोन बाटल्या. एक काळी, दुसरी निळसर उजळलेली.

"दोन्हीत तेच जिवाणू आहेत," आजोबांचा आवाज कढईमागून आला. "पहिलीत थोडे, दुसरीत खूप. एकट्या जिवाणूने उजेड पाडला तर कोणाला दिसणार? ताकद फुकट. म्हणून तो उजेड पाडत नाही. पण गप्पही बसत नाही. एक रसायन पाण्यात सोडत राहतो. मी आहे, मी आहे, असं."

"आणि शेजारी कोणी नसलं तर?"

"तरी सोडतो. प्रत्येकाने सोडलं की रसायन साठतं. पुरेसं साठलं की सगळे एकदम उजळतात. याला गणपूर्ती ओळखणं म्हणतात."

मी कपाटातच विचार करत राहिले. आमच्या वस्तीत प्रत्येक जण दार लावून बसलेला. शेजारचा काच पुसतो की नाही, कोणाला कळणार? प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. मी आहे असं कोणी म्हणतच नव्हतं.

गुरुवारी काच पुसून झाल्यावर मी ओलं फडकं बाहेर दाराच्या कडीला बांधलं. खाली कागद लावला: आमची पुसली. शुक्रवारी परत. शनिवारी परत. गल्लीभर एकच फडकं. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

रविवारी शेजारच्या पेडणेकरकाकूंनी हाक मारली. "काय गो, तू फडकी चोरतस की काय? मी दोन दिवस बांधतंय, सकाळी बघते तर नाय."

"तुम्ही पण बांधता?"

"तुझा बघून. समोरचे पण बांधतत."

मी झाडूरावला गाठलं. त्याच्या पोटात एकोणीस फडकी निघाली. कागद नसलेलं ओलं कापड म्हणजे कचरा, असं त्याला शिकवलेलं. दोन दिवस वस्तीतली कितीतरी घरं मी आहे म्हणत होती, आणि तो ते इमानदारीने गोळा करत होता.

"मला सांगायचं होतं," तो म्हणाला. "पण कोणी विचारलं नाही."

त्याचा नियम बदलला. सोमवारी दारांवर बावीस फडकी दिसली. मंगळवारी तीस, कारण बावीस दिसल्यावर बाकीच्यांना बंद दारामागे बसवेना. नाबरकाकांनी कोरडं फडकं बांधलं होतं. काकूंनी ते सगळ्यांसमोर पिळून बघितलं. बुधवारी त्यांचं ओलं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा आकडा तेराशे होता. त्यांनी आजोबांची छाती तपासली आणि कागदावर लिहिलं, राहू शकतात. आजोबा कागद दोनदा वाचून चष्मा पुसत बसले. शेजारी साठ घरांचा नवा घुमट होतोय, तिथे हे कसं सुरू करायचं, असं बाईंनी विचारलं.

"पहिलं फडकं कोणीतरी एकट्याने बांधायला लागेल," मी म्हणाले. "ते दिवस वाईट असतात. पण दुसरा कोणी बघत असतो."

मग नाबरकाकांनी गल्लीत अभिनंदनाची सभा घेतली. अडतीस घरांतली माणसं आली. भाषण निम्मं झाल्यावर ते दोन मिनिटांत येतो म्हणून संडासात गेले. तेवढ्यात तीस ओल्या फडक्यांमुळे हवेतला दमटपणा वाढला, आणि वस्तीत पाणी शिरलं असं समजून सुरक्षा यंत्राने संडासाचं धरून मधली सगळी दारं बंद केली. ती दोन तास चाळीस मिनिटांनी उघडली. उरलेलं भाषण नाबरकाकांनी आतून केलं.