बिनपंखी माश्यांचं बेट

जगाला फेरी मारायला निघालेल्या त्या शिडाच्या जहाजावर एक निसर्गशास्त्रज्ञ होता. किनारा दिसला की उतरायचं आणि अनोळखी जीव गोळा करून आणायचे, हेच त्याचं काम. खलाशी त्याला किडेमास्तर म्हणत. जहाजाचे डॉक्टर त्याच्या ताईचे यजमान. त्यांच्या शब्दाखातरच कप्तानाने त्याला बरोबर घेतलं होतं.

परतीच्या वाटेवर, थंडगार दक्षिण समुद्रात, एक काळं बेट दिसलं. झाड औषधालाही नाही. नुसते खडक, शेवाळ आणि कानठळ्या बसवणारा वारा. मास्तर, डॉक्टर आणि बुटका असे तिघे होडीतून उतरले. बुटका म्हणजे जहाजावरचा सर्वांत उंच खलाशी!

एका कपारीशी मास्तर पालथा पडला तो उठेचना.

"भावोजी, ही माशी बघा! हिला पंखच नाहीत!"

"तोडले असतील कुणीतरी."

"कोण तोडणार? हा पतंगही तसाच, हा भुंगाही! जे उडाले त्यांना वाऱ्याने समुद्रात नेलं. जे सरपटत राहिले, तेच टिकले!"

बुटका हसला. "म्हणजे इथे मान खाली घालून राहावं, मास्तर."

नमुने टिकवायच्या स्पिरिटच्या बाटल्यांत मास्तर एकेक किडा अलगद सोडत होता. असा शोध आयुष्यात एकदाच लागतो, हे त्याला कळत होतं. आभाळ कधी काळवंडलं ते मात्र कळलं नाही.

"होडी!" बुटका ओरडला.

तिघे धावले. लाट आली. होडी उचलली गेली, आदळली! डॉक्टरांचा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये चिरडला. बुटक्याने खांदा लावून होडी रेटली, मास्तरने भावोजींना ओढून काढलं. तेवढ्यात दुसरी लाट! होडीचा तुटका वासा बुटक्याच्या छातीत बसला.

जहाजाचा नांगर तुटला होता. पाहता पाहता ते धुक्यात दिसेनासं झालं.

बुटका दुसऱ्या दिवशी गेला. खणायला माती नव्हती. मास्तरने त्याच्यावर दगड रचले. नंतरचे दिवस कच्च्या शिंपल्यांवर आणि खडकात साचलेल्या पाण्यावर निघाले. डॉक्टरांच्या जखमेला वास येऊ लागला. ते स्वतःच ती पाहत आणि मान फिरवत.

मग एका दुपारी धुकं फाटलं आणि शीड दिसलं! जहाज शोधायला परतलं होतं; पण रिकामा किनारा पाहून ते वळत होतं.

मास्तरने होडीच्या फळ्यांचा ढीग केला. काडी ओढली. विझली. दुसरी, तीही विझली. फळ्या ओल्याचिंब. त्याने बाटल्यांची पेटी उघडली.

"अरे, वेडा आहेस का?" डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. "असे किडे जगात दुसरीकडे नाहीत."

"आणि तुम्ही आहात? ताईला काय बाटल्या दाखवू?"

एकामागून एक बुचं निघाली. माश्या, पतंग, भुंगे, सगळं स्पिरिटसकट फळ्यांवर गेलं. शेवटची काडी. भडका! वरून ओलं शेवाळ टाकताच काळा धूर उठला.

जहाज थांबलं.

जहाजावर डॉक्टरांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. करवत जहाजाच्या सुताराची होती; कुठे कापायचं ते डॉक्टरांनीच सांगितलं. मास्तरने त्यांचे खांदे दाबून धरले.

मास्तर डेकवर आला तेव्हा कप्तान म्हणाला, "वारा पडलाय. थोडा वेळ उतरायचं का पुन्हा?"

मास्तरने बेटाकडे पाहिलं. आत भावोजी तापाने फणफणले होते आणि पुढचं बंदर लांब होतं.

"नको. शिडं उभारा."

गावी परतल्यावर त्याने विद्वानांच्या सभेत सगळं सांगितलं. त्या माशीला बुटक्याचं नाव द्यावं, एवढीच त्याची विनंती होती.

"नमुना?" अध्यक्षांनी विचारलं.

"जाळला."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "नमुना नाही, तर नाव कशाला देणार?"

बाहेर पायऱ्यांपाशी ताई उभी होती आणि भावोजी कुबड्यांवर.

"दिलं का रे त्याचं नाव?" भावोजींनी विचारलं.

मास्तरने नकारार्थी मान हलवली. तिघे घराकडे निघाले, भावोजींच्या चालीने.