पाठमोऱ्या माणसाची एलिनॉर

प्रयोगशाळेच्या मधोमध, प्रकाशकणांनी घडवलेली एलिनॉर उभी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या एका काळ्यापांढऱ्या हॉलिवूडपटाची ती नायिका. टोप्यांच्या दुकानातली ही मुलगी एका जहाजाच्या कप्तानावर जन्मभर जीव टाकते आणि त्याला तिचं नावसुद्धा आठवत नाही.

अवधूतरावांनी हा सिनेमा कॉलेजात असताना पाहिला, आणि मग ते तिथेच अडकले. लग्न झालं, केस पिकले, दिवाणखान्यातला एलिनॉरचा फोटो काही हलला नाही. त्यांच्या बायकोने, डॉ. उर्मिलाने, प्रकाशदेहात मन घालण्याची 'मनोरोपण' पद्धत शोधली, तेव्हा कौतुकाच्या आधी त्यांनी विचारलं, "एलिनॉर करता येईल?"

उर्मिलाने केली. प्रत्यक्ष भेटली की यांचं वेड उतरेल आणि मग तरी हा माणूस आपल्याकडे बघेल, एवढीच तिची आशा होती.

"ती माझ्याकडे बघतच नाही!" अवधूतराव कडाडले.

"अहो, बघते की."

"गिऱ्हाइकाकडे बघावं तशी! कप्तानाकडे बघायची तशी नाही. तुम्हा दोघींचं काहीतरी चुकलंय."

"नाही सर," उर्मिलाची सहकारी डॉ. शहनाझ म्हणाली. "तिचं मन फक्त सिनेमातल्या चित्रचौकटींवरून घडलंय. समोर काय होतं आणि तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं, एवढंच यंत्र शिकलं. आणि त्या सिनेमांची रीत काय? नायक पुढे, खिडकीशी. नायिका त्याच्या खांद्यामागे. दोघांची तोंडं कॅमेऱ्याकडे. तिचे डोळे भरतात ते प्रेक्षकांना दिसतं, त्याला नाही. तो वळला की ती नजर खाली घालते. तिच्या प्रेमाच्या प्रत्येक चौकटीत पुरुष तिला पाठमोरा आहे."

"म्हणजे पाठ फिरवली तर?"

"प्रेम करील. बघायला वळलात की संपलं."

"आणि आरशातून?"

"तेही बघणंच."

उर्मिलाचं डोकं तडकलं. "बाईने झुरायचं, तेही मागे उभं राहून! आणि थिएटरभर लोकांनी रुमाल काढायचे! आणि मी शहाणी, तेच सगळं हिच्या मनात भरून बसले!"

अवधूतरावांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि एलिनॉरकडे पाठ करून बसले. ती हलकेच त्यांच्या खांद्यामागे आली. तिचे डोळे भरले.

"आली का? काय करतेय? सांग ना, उर्मिला! तू रोज इथे समोर बसत जा आणि मला सांगत जा."

इतक्या वर्षांत प्रथमच ते उर्मिलाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. तिथे शोधत होते ते मात्र दुसरीलाच.

उर्मिला उठली. "चहा झाकून ठेवलाय. तो आता तिलाच गरम करायला सांगा." तिने पाठ फिरवली आणि दाराकडे चालू लागली.

"उर्मिला!"

हाक ऐकून तिचा पाय अडखळला. त्यांचा आवाज भरून आला होता. ज्या आवाजाची तिने जन्मभर वाट पाहिली, तोच हा. आणि लगेच तिला संताप आला. हा माणूसही त्याच चौकटी पुन्हा पुन्हा बघून घडला होता. समोर होती तोवर तिला नुसतं 'काय गं' मिळालं. पाठ दिसली तेव्हा हा जिव्हाळा.

वळलं की काय होतं, ते शहनाझने आत्ताच सांगितलं होतं.

"उर्मिला, थांब ना गं!"

ती वळली नाही.